चष्म्याची जाड कड

ताईच्या साक्षगंधाच्या दिवशी मी घरातल्या दोन कर्त्या माणसांना आंधळं केलं.

बाबा आणि काका सख्खे भाऊ. दोघांनी राळेगावला एकाच दुकानातून हुबेहूब सारखे काळे चष्मे घेतले होते. (वेगळे घेतले असते तर दुसऱ्याचाच चांगला, असं दोघांनाही वाटलं असतं.) बाबांना जवळचं दिसत नाही, काकांना लांबचं. त्या सकाळी आईने दोन्ही चष्मे मला धुवायला दिले. मी ते धुतले आणि एकाच फडक्यावर ठेवले!

आता कोणता कोणाचा? विचारायची हिंमत नव्हती. बाबांचा आवाज सकाळपासूनच चढलेला. शिवाय दहावीत लेन्सच्या आकृत्यांना मला पैकीच्या पैकी मार्क होते. जवळचं दिसायला कॉन्व्हेक्स, आणि कॉन्व्हेक्स म्हणजे जाड. मी काचांच्या कडा चाचपल्या. जाड कडेचा बाबांच्या खिशात, पातळ कडेचा काकांच्या. (जाडी मधोमध बघायची असते. पण शाळेत खरं भिंग कोणी हातात दिलं होतं?)

पाहुणे आले. काकांनी दारात मंडपवाल्याला कडकडून मिठी मारली. "या व्याही, या!"

खरे व्याही मागे चपला काढत होते. "काहून हो, मले ओळखलं नाही काय?"

चष्मे उलटे गेले, हे कळताच मी पोह्यांचा ट्रे उचलला आणि वाटायला लागले.

मग बाबांनी नवरदेवाला टिळा लावला. त्याच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर! वर अक्षताही नीट दाबून चिकटवल्या.

नवरदेवाची आत्या उठली. "दोघाई भावाईले दिसत नाही? मंग पोरीची नजर कशी हाये? दादा, आपण इचार करू थोडा."

ताईचे डोळे भरले. ठरत आलेलं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं. पोह्यांचा ट्रे हातात तसाच धरून, चाळीस माणसांसमोर, मी बोलले.

"चष्मे माझ्याकडून बदलले. ताईची नजर चांगली आहे!"

एवढ्यावर थांबायचं ना? पण घाबरले की मी उत्तरपत्रिकेसारखी बोलते. "म्हणजे, कडेला जाड असतो तो कॉन्व्हेक्स, म्हणून मी..."

"कॉन्केव्ह," नवरदेव काचेवरचं कुंकू पुसत म्हणाला. "कडेले जाड तो अंतर्गोल. मी पोराईले शिकवतो ना हे."

मुकुटबनच्या शाळेत तो विज्ञानाचा मास्तर होता! (हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण तो ताईला बघायला आला, तेव्हा मी लाजून खोलीबाहेरच आले नव्हते.)

आधी आत्याच हसली. "अवं माय, एवढ्या इंग्लिश शाळेत जाऊन हेच शिकली काय तू?"

लग्न ठरलं. माझी अब्रू मात्र कायमची गेली.

दिवाळीला जीजाजी आले. चहा घेण्याआधीच चष्मा काढून माझ्यासमोर धरला. सगळं घर बघत होतं.

"सांग बरं, हा कोणता?"

मी बराच वेळ कड चाचपली, मध्य चाचपला, उजेडात धरून पाहिलं आणि जे पक्कं ठाऊक होतं तेवढंच सांगितलं.

"तपकिरी."