नंदनच्या गाडीचे पुढचे ब्रेक

“ब्रेक नीट करा, नाहीतर मी या गाडीत पुन्हा बसणार नाही.”

शोभावहिनी हे लेक ईरी तळ्याकाठच्या पोर्ट स्टॅनलीच्या उतारावर म्हणाल्या. मी मागच्या सीटवर होतो. पाऊस लागला होता, ब्रेकचे ड्रम ओले झाले होते. नंदनने पेडल दाबलं तशी गाडी उजवीकडे ओढत गेली आणि चरीच्या काठाशी थांबली. कुणाला लागलं नाही. नंदन स्टिअरिंग धरून बसून राहिला. मग म्हणाला, “करतो.”

२००९चा सप्टेंबर होता तो.

नंदन घारे आणि मी इथे, कॅनडात, ऑन्टारिओतल्या लंडनमध्ये, रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत एकत्र कामाला होतो. तो टर्नर, मी फिटर. कराडच्या आयटीआयमधून आलेला, कमी बोलणारा माणूस. एखाद्या कामाला कुणी “चालतंय की” म्हटलं, की तो ते काम खोलून पुन्हा करायला घ्यायचा.

गाडी त्याने एका सुपरवायझरकडून जुनी घेतली होती. एकोणसत्तर सालची, दणकट इंजिनाची मसल कार, हिरवी, दोन दारांची, लांब नाकाची. हिवाळाभर चादरीखाली, उन्हाळ्यात दर रविवारी लेक ईरीच्या काठावर. निघण्याआधी चाकांवरच्या क्रोमच्या झाकण्या वहिनी स्वतः पुसायच्या. नंदनला हात लावू द्यायच्या नाहीत. “तुमचे हात ऑइलचे,” म्हणायच्या.

त्याच वर्षी डॉक्टरांनी वहिनींना डिमेन्शिया असल्याचं सांगितलं होतं. नंदनने एकच ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात तिला तळ्यावर न्यायचं, तिला तळं ओळखू येतंय तोवर. रोजच्या गाडीतून ते जमेना. त्या गाडीतून फक्त डॉक्टरकडे नेतात, असं वहिनींच्या मनात बसलं होतं. बसवलं की पट्टा सोडायच्या, दार उघडायला झटायच्या.

त्यांची मुलगी जाई व्हँकुव्हरहून फोनवर म्हणाली, “बाबा, जस्ट सेल इट. इट्स नॉट सेफ.”

“सेफच करतोय,” नंदन म्हणाला.

काम हिवाळाभर चाललं. गॅरेजमध्ये हीटर एकच, तोही पायांपुरता. पुढचे ड्रम काढून तिथे डिस्क ब्रेक बसवायचे होते. नट गंजून बसलेले. नंदन तेल सोडायचा, थांबायचा, हलकेच ठोकायचा, पुन्हा तेल.

“कापून टाकू,” मी म्हटलं.

“का, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचाय का तुला? घाई कसली?”

“घाई मला नाही. तुला आहे.”

त्याने पुन्हा तेल सोडलं. नट कापू दिला नाही.

डिस्क बसल्या. त्यांना पकडणारे कॅलिपर बसले. आता जुनं चौदा इंची चाक वर चढेना, आतून कॅलिपरला अडायचं. हे होणार हे आम्हाला माहीत होतं, म्हणून सतरा इंची चाकं आधीच आणली होती. करडी, उघड्या आऱ्यांची, झाकणीला जागा नसलेली. तरी नंदनने जुनं चाक दोन्ही बाजूंना लावून बघितलं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की नवा टायर मडगार्डच्या आतल्या काठाला लागत होता. तो काठ त्याने लाकडी ठोकळा धरून हातोडीने थोडा थोडा आत वळवला. रंगाला तडा जाऊ दिला नाही.

शेवटी ब्रेक ऑइलच्या नळ्यांमधली हवा काढायची राहिली. गाडी स्टँडवर, चाकं काढलेली. याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली स्क्रू उघडायचा. स्क्रू बंद होईपर्यंत पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत जाते. इतकी वर्षं हे काम वहिनींचं होतं. मी पुढे झालो तर नंदन म्हणाला, “तीच करेल.”

“दाब.”

“दाबलं.”

“धर.”

“धरलंय हो. ओरडता कशाला?”

पहिलं चाक नीट झालं. दुसऱ्याला स्क्रू उघडा असतानाच पेडल वर आलं.

“शोभा, सोडलंस?”

“काय?”

“पेडल.”

“कुठलं पेडल?” त्या आपल्या पायाकडे बघत होत्या. “किती वेळ बसवून ठेवलंय मला इथे?”

नंदन खालून बाहेर आला. चिंधीला हात पुसत राहिला, हात कोरडे झाले तरी. “चहा टाकतेस का?” म्हणाला. त्या आत गेल्यावर मला म्हणाला, “ये, बस.” आम्ही पहिल्या चाकापासून पुन्हा सुरुवात केली.

मे महिन्यात त्याने गाडी बाहेर काढून बघितली. सरळ थांबत होती, जागच्या जागी. रविवारी त्याने ती ड्राइव्हवेवर लावली आणि वहिनींना हाक मारली. त्या कोट घालून आल्या आणि पुढच्या चाकाशी थांबल्या.

“ही कुणाची?”

“आपलीच.”

“छे. आपल्या चाकांना झाकण्या आहेत. मी पुसते ना.”

“शोभा, ब्रेक बदलले. तूच म्हणाली होतीस.”

“मी कशाला म्हणेन?” त्यांनी त्याची बाही धरली. “अहो, लोकांच्या गाडीला हात लावू नका. बघतील ते. चला आत.”

त्या बसल्या नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत.

“जुनी चाकं लाव,” मी म्हटलं, आणि बोलता बोलताच थांबलो. या ब्रेकांवर ती चढत नव्हती. नंदन तोवर जॅक घेऊन आला होता.

हिवाळाभराचं काम उतरवायला एक आठवडा पुरला. ड्रम परत चढले, जुनी चाकं चढली, झाकण्या बसल्या. प्रत्येक नट त्याने टॉर्क रेंच लावून, मापात आवळला.

“आता सपाट रस्त्यावर तरी ने,” मी म्हटलं. “सावकाश.”

“या ब्रेकांवर बसणार नाही म्हणाली होती.”

“ते त्या विसरल्या, नंदन.”

“मी नाही विसरलो.”

वहिनींना त्याने गॅरेजमध्येच हाक मारली. त्या आल्या, स्वतः दार उघडून बसल्या, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. नंदन शेजारी बसला. किल्ली खिशातच होती. समोर गॅरेजची भिंत, तिच्यावर नट आवळायचे पाने टांगलेले. मी मागे उभा होतो.

“लांब आहे का हो अजून?” बऱ्याच वेळाने वहिनींनी विचारलं.

“नाही, आलंच.”

त्या काचेतून भिंतीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पट्टा सोडला.

“पोचलो,” नंदन म्हणाला, आणि त्यांच्या बाजूचं दार उघडायला उतरला.