टेक-बंदीची बॅच

बोर्डावर मी मोठ्या अक्षरांत 'टेक' हे इंग्रजी क्रियापद लिहिलं, वळलो, आणि मागच्या बाकावरून एकजण जांभई देत म्हणाला, "सर, ये तो हो गया."

"कुठे झालं?"

"सब जगह, सर."

मी इंदूरला भंवरकुआंत स्पोकन इंग्लिश शिकवतो. इथे कोचिंग क्लास इतके, की दोन क्लासांच्या मधे चहावाला असेल तर तोही चहाआधी डेमो देतो. डेमो म्हणजे पहिला तास फुकट. पटलं तर पोरं फी भरतात, नाही तर शेजारच्या डेमोला जाऊन बसतात. माझे आधीचे दोन डेमो कोरडे गेले होते. म्हणून आज आमचे डायरेक्टर पागेजी स्वतः मागे बसले होते. जिन्यातच त्यांनी सांगितलं होतं, "देखो सर, आज दहा ॲडमिशन झाले तर ठीक. नाही तर ये शाम की बॅच बंद. फिर तुम्ही पण फ्री."

'टेक' हे माझं हुकमी अस्त्र. अर्थ साधा, 'घेणे'. पण मागे एखादा चिमुकला शब्द लागला की ते कुठल्या कुठे जातं. तासभर सांगितलं तरी संपत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मास्तर म्हणजे महासागर.

मी छाती काढून विचारलं, "टेक ऑफ?"

"विमान उड़ना, कपड़े उतारना," अख्खा वर्ग एका सुरात. आमच्या गल्लीत आरतीलाही एवढा सूर लागत नाही.

"टेक आफ्टर?"

"माँ-बाप पे जाना."

"टेक इन?"

"उल्लू बनाना," पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. या रस्त्यावरचा प्रत्येक मास्तर डेमोला 'टेक'च शिकवतो, आणि ही पोरं महिनाभर नुसते डेमो हिंडत होती. एक पैसा न भरता त्यांचं 'टेक' लंडनच्या मास्तरांहून पक्कं झालं होतं. पागेजींनी मोबाइल काढला. बहुतेक नव्या मास्तराचा नंबर शोधायला.

मी बोर्ड पुसला. "हा शब्द आता बंद. टेक, टुक, सगळं खानदान बंद. जो बोलेल तो उभा राहील. सकाळपासून काय केलं, इंग्रजीत सांगा."

चष्मेवाली म्हणाली, "इन द मॉर्निंग आय टुक..." आणि उभी राहिली. "चाय," ती पुटपुटली.

"चहाचं काय केलं?"

"सर, ड्रँक बोलूँगी तो पापा हॉस्टल छुड़वा देंगे."

दुसऱ्याला आंघोळ घेता येईना. तिसऱ्याची बस सुटली. सिमरोलहून रोज येणारा एकजण कळवळून म्हणाला, "सर, इसके बिना तो टेन्शन भी नहीं ले सकते."

"मग नको घेऊस."

बघता बघता सगळा वर्ग उभा. राष्ट्रगीत चालू असावं तसा. मी धीर करून म्हणालो, "पागेजी, आता तुम्ही."

पागेजी खाकरले. "एव्हरी डे आय टेक..." म्हणाले, इकडेतिकडे बघितलं, आणि मुकाट्याने उठून उभे राहिले.

त्या संध्याकाळी चौदा ॲडमिशन झाल्या. पंधरावा फॉर्म पागेजींनी आपल्या साल्यासाठी घरी नेला. दुसऱ्या दिवशी हत्तीएवढा फ्लेक्स लागला, 'टेक के बिना इंग्लिश', आणि माझी बॅच वाचली.

पंधरवड्यात रस्ताभर साथ पसरली. समोरच्याने 'गो' बंद केलं, कोपऱ्यावरच्याने 'हॅव', आणि एका पठ्ठ्याने तर सगळी क्रियापदंच बंद केली. त्याच्याकडे म्हणे सर्वांत जास्त गर्दी आहे.

इतकी वर्षं मी समजत होतो, पोरं शिकवण्याची फी भरतात. तसं नाही. आपल्याला येत नाही हे पटलं की भरतात. आणि ते पटवायला मास्तरालाही फारसं यावं लागत नाही.