वैतीचा दुसरा जिना

वैती बसल्या बसल्या गेला, असा निरोप आला तेव्हा मी फोनवर साफ सांगून टाकलं की मग तो वैती नव्हेच, दुसरा कुणीतरी असेल, नीट बघा. रमाकांत वैती हा माणूस बसलेला मी कधी पाहिला नव्हता. ठाण्याच्या त्याच्या ऑफिसात खुर्ची होती, पण तिच्यावर नकाशांच्या गुंडाळ्या बसायच्या. हा उभ्याने नकाशे काढायचा, उभ्याने डबा खायचा, आणि सप्तपदीच्या वेळी भटजींनी उपरणं धरून ठेवलं नसतं तर नलिनीवहिनींना घेऊन तसाच मुंब्र्यापर्यंत चालत गेला असता, असं मी त्याच्या लग्नापासून सांगत आलो आहे. दिवाळी नुकतीच सरली होती. शीळफाट्याच्या एका साइटवर गवंड्याने चहा दिला, हा वाळूच्या ढिगावर टेकला, आणि पेला हातातच राहिला... वहिनींचा भाऊ मला पुन्हा पुन्हा तेच सांगत होता आणि मी ‘टेकला’ या एका शब्दावर अडून बसलो होतो. त्याला आता महिना उलटून गेला, तरी मला एका जागी बसवत नाही. हेसुद्धा खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितो आहे. बायको म्हणते, सोंग करताय. करतोय.

तो आर्किटेक्ट आणि मी कंत्राटदार. म्हणजे तो रेघ मारणार आणि ती सिमेंटमध्ये उतरवताना मी त्याला शिव्या घालणार, असा आमचा संसार ऐंशी-एक्याऐंशीपासून चालला. ठाण्याच्या कोळीवाड्यातला तो पहिला आर्किटेक्ट, असं मी सगळीकडे ठोकून देतो. पहिला नसेलही, पण सगळ्यात मोठ्याने बोलणारा नक्की. शिक्षण संपवून त्याने पहिलं घर काढलं ते स्वतःच्या आईचं. हॉल, सोफ्याची जागा, खिडकीला पडदे, सगळं पुस्तकातल्यासारखं. आईने कोळंबी सोलता सोलता तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "आन हळदीला नाचाचं कुठं?" झालं. तिथपासून हा बिघडला तो बिघडलाच. कुठलंही गिऱ्हाईक आलं की याचा पहिला प्रश्न, तुमच्या घराचा मोठा दिवस कोणता? कुणाचा गणपती असतो, कुणाची हळद असते, कुणाकडे नाताळाला सगळं गाव लोटतं. वर्षाचे बाकीचे दिवस इमारत चार माणसं घेऊन सुस्त पडलेली असते, पण त्या एका दिवशी तिच्या अंगावर शंभर माणसं चढतात. त्याच दिवशी ती वाकते, त्याच दिवशी लोक एकमेकांवर पडतात. "इमारत त्या दिवसासाठी बांधायची रे दिग्या," तो म्हणायचा, "बाकीचे दिवस ती आपली आपण सांभाळते."

एका गोकुळाष्टमीला मला टेंभी नाक्यावर घेऊन गेला. मी खूश, म्हटलं थर बघू. खाली पाच लाख माणसं होती. (बायको वाचून म्हणते, पाच हजार. असो.) ते सगळे वर हंडीकडे बघत होते आणि हा एकटा आजूबाजूच्या इमारतींच्या गॅलऱ्यांची पोटं बघत होता. एकेका गॅलरीत माणसं अशी खच्चून भरलेली, की आतल्या घरात देवसुद्धा उरला नसेल. वैती बोटाने गॅलरी दाखवायचा आणि हळूच म्हणायचा, ही तिघांच्या चहासाठी बांधली आहे. हंडी फुटली, गाव नाचलं, दहीपोह्यांचा पाऊस पडला, आणि हा माझा हात असा दाबून धरून उभा की महिनाभर माझ्या मनगटावर वळ होते. शेवटचा माणूस गॅलरीतून आत गेला तेव्हा त्याने श्वास सोडला. लग्नाला त्याला बोलावणं म्हणजे तर संकटच. मंगलाष्टकं सुरू झाली की हा मंडपामागे जाऊन दुसरं दार शोधणार, आणि ते सापडलं तर त्याच्यापुढे रचलेली आइस्क्रीमची खोकी एकट्याने हलवणार. अक्षता त्याने कुठल्याच वधूवरांवर टाकल्या नसतील, कायम खिशात सापडायच्या.

डोंबिवलीतली आमची इमारत त्याचीच. चार मजल्यांची, लिफ्ट नाही, मीटरांची खोली मुख्य जिन्याखाली. वैतीने तिला मागच्या बाजूने दुसरा जिना दिला होता. तेव्हा डोंबिवलीत चार मजल्यांना दोन जिने म्हणजे एका माणसाने दोन टोप्या घालण्यासारखं. बिल्डर शेठ म्हणाले, एवढ्या जागेत माझी प्रत्येक मजल्यावर एक खोली निघते. वैतीने आगीचं नाव काढलं नाही. त्याला ठाऊक होतं की आगीला कुणी भीत नाही, सोयरिकीला भितात. तो शेठना म्हणाला, समजा तुमच्या मुलीला बघायला एक मंडळी आली आहेत, ती निघायच्या आत दुसरी आली. जिन्यात गाठ पडली तर काय करणार? शेठना लग्नाच्या चार मुली होत्या. दुसरा जिना त्याच दिवशी मंजूर झाला, आणि जाहिरातीतसुद्धा छापून आला. मीही तिथे तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. लोक राहायला आले आणि दोनच महिन्यांत मागच्या जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या दिसू लागल्या. यावर वैतीने अगदी आपल्या माणसांना ओळखून उपाय काढला. तळाच्या वळणावर, जिथे सगळ्यात जास्त रंगकाम चालायचं, तिथे दत्तमहाराजांचं चित्र असलेली टाईल स्वतःच्या हाताने बसवली. पिचकाऱ्या बंद. वैती इतका खूश, की ठाण्यापासून कल्याणपर्यंत भेटेल त्याला सांगत सुटला.

पुढचं सांगायला त्याच्यासमोर मला कधी धीर झाला नाही, आता सांगतो. त्या टाईलपुढे कुणी उदबत्ती लावली. उदबत्तीला फळी आली. फळीवर पणती, पणतीला वारा लागतो म्हणून आडोसा. पहिल्या मजल्यावरच्या कारखानीसकाकू, म्हणजे आमच्या इमारतीचं सर्वोच्च न्यायालय, गाणगापूरहून चांदीच्या पादुका घेऊन आल्या. पादुकांना संगमरवरी देव्हारा झाला, चांदी म्हणून देव्हाऱ्यापुढे लोखंडी जाळी आली, जाळीला कुलूप आलं, आणि किल्ली काकूंच्या कमरेला गेली. जाळी भिंतीपासून भिंतीपर्यंत. तळालाच दुसरा जिना बंद. वैती बघायला आला तेव्हा गुरुवारची आरती चालू होती. तो जाळी धरून उभा राहिला, आणि लोकांना वाटलं, आर्किटेक्टसाहेब दर्शन घेतायत.

त्या दिवसापासून त्या जिन्याने त्याला झोपू दिलं नाही. मुख्य जिन्याखाली मीटर. ते पेटले तर धूर त्याच जिन्याने वर चढणार, आणि माणसं पळत कुलपाकडे येणार, हे त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. जेवताना मध्येच म्हणायचा, तुझी आई चौथ्या पायरीला दमते ना रे? काकूंना त्याने विनवलं. काकू म्हणाल्या, स्थापना केलेला देव हलवायचा नसतो. कमिटीत बोलला. कमिटी म्हणाली, टाईल तर तुम्हीच बसवलीत साहेब. हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. दर गुरुवारी आरतीला यायचा, टाळ्या वाजवायचा, आणि नजर कुलपावर. इतका नेमाने, की काकू त्याला प्रसादाचा पेढा दुप्पट द्यायला लागल्या.

मग एका गुरुवारी त्यानेच आरतीनंतर विषय काढला, की दत्तजयंतीला आपल्या पादुकांची पालखी का निघत नाही? देव जागेवरून हलवायचा नाही, पण पालखीला कोण नाही म्हणणार? पालखी मुख्य जिन्याने वर गच्चीपर्यंत जाईल आणि मागच्या जिन्याने खाली येईल, म्हणजे अख्ख्या इमारतीला प्रदक्षिणा. लोक हरखले. जाळी त्या दिवसापुरती काढावी लागली, मागच्या जिन्यातल्या जुन्या गाद्या, सायकली, मोडके पाळणे हलवावे लागले, कारण पालखी वळेना. वळणार कशी, वैतीने तिची लांबीरुंदी रुग्णाच्या स्ट्रेचरवरून घेतली होती. शिवाय त्याने प्रथाही घातल्या, आणि अशा आवाजात सांगितल्या की जणू पेशवाईपासून चालत आल्या आहेत. पालखी निघण्याआधी प्रत्येक घरातला गॅस बंद, कारण देव बाहेर असताना चूल पेटती नको. म्हातारी माणसं पुढे, तो त्यांचा मान. मुलांनी एका हाताने कठडा धरायचा. पादुकांखाली, मखमलीच्या आत, माझ्या साइटवरच्या वाळूची अर्धी गोणी होती. चार धडधाकट माणसं घामाघूम व्हायची आणि खाली उतरल्यावर सांगायची, यंदा देव जड झाला हो. मी आणि वैती एकमेकांकडे बघायचो नाही. बघितलं असतं तर मेलो असतो.

तरी तो समाधानी नव्हताच. दुसऱ्या दिवशी जाळी पुन्हा लागायची. वर्षातून एक दिवस, तो म्हणायचा, आणि बाकीच्या दिवसांचं काय?

या वर्षी तो गेला, आणि दत्तजयंतीच्या आधी सोसायटीची सभा भरली. सेक्रेटरींनी गहिवरून ठराव मांडला, की वैतीसाहेबांच्या स्मरणार्थ यंदा पालखी रद्द करावी, साधी आरती व्हावी. सगळ्यांनी माना डोलवल्या. मी उठलो. गेली पंचवीस वर्षं मी लोकांना थापा मारत आलो आहे, आणि त्या संध्याकाळी मला एकही सुचली नाही. शेवटचा उपाय म्हणून मी खरं बोललो. स्ट्रेचर, गॅस, वाळूची गोणी, सगळं सांगितलं. ही पालखी म्हणजे तुम्हाला जिवंत खाली उतरवायची त्याची तालीम होती, ती त्याच्याच नावाने बंद करता आहात, असं काहीसं म्हणालो. मग कुणीतरी म्हणालं, म्हणजे देवाच्या नावाने फसवलंच की. दुसऱ्या मजल्यावरचा बँकेतला जोशी म्हणाला, मग पालखी कशाला, रविवारी रीतसर आगीची तालीम घेऊ, शिस्तीत.

मी कारखानीसकाकूंकडे बघायचं टाळत होतो. त्या उठल्या.

"दिगंबरराव, त्या पादुका मी रोज घासते. पाव किलोसुद्धा भरत नाहीत. पालखीत दुसरं काय होतं, ते मला पहिल्याच वर्षी कळलं नसेल?"

मी म्हटलं, काकू, मग तुम्ही बोलला नाहीत कधी?

"काय बोलायचं? माझे गुडघे असे. मला पुढे घालून, पायरी पायरी मोजल्यासारखा उतरवायचा तो. पोटच्या मुलाने कधी उतरवलं नाही." मग त्या जोशीकडे वळल्या. "आणि तू रे? रविवारी मॅच सोडून येणार आहेस का तालमीला? पालखीला येतोस."

जोशी खाली बसला. पालखी निघाली. वाळू मी घातली नाही, म्हटलं आता लपवायचं कुणापासून, तर खांदेकऱ्यांपैकी एकाने खाली येऊन विचारलं, गोणी कुठे? पुन्हा वर जाऊन, गोणी घालून, परत उतरलो. आरती झाली. काकू पादुका देव्हाऱ्यात ठेवणार म्हणून मी कुलूप हातात घेऊन उभा होतो, पण त्यांनी पादुका पदराखाली धरल्या आणि पहिल्या मजल्याकडे चालू लागल्या. जाता जाता म्हणाल्या, यंदा माझ्याकडे राहतील, पुढच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर. दत्तमहाराज एका जागी कधी राहिलेत? स्नान एका गावी, भिक्षा दुसऱ्या गावी, निद्रा तिसऱ्या गावी. त्यांना जाळीत कोंडलं ते आपण.

जाळी मी त्याच आठवड्यात काढून टाकली. देव्हारा माणसं लावून खाली, इमारतीच्या बाहेरच्या भिंतीत बसवला. सकाळी एकटाच मुख्य जिन्याने गच्चीवर गेलो आणि मागच्या जिन्याने खाली आलो. तळापासून वरपर्यंत वारा खेळत होता, आणि त्या वाऱ्याला अजून जुन्या उदबत्त्यांचा वास होता... आज वैती असता तर धन्य झाला असता, असं लिहायचा मोह होतो आहे, पण एवढी मोठी थाप मलाही मारवत नाही. तो आला असता, पायऱ्या उतरत तिसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबला असता, तिथे परवापासून दिसू लागलेल्या मोगऱ्याच्या कुंडीकडे बोट दाखवलं असतं आणि विचारलं असतं, ही कुणाची?

कुंडी आमची आहे. इथेच थांबतो, ती उचलायची आहे.