दुसरी किल्ली

वडील गेले आणि महिन्याभरातच चष्मेताईंच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे ठेवायची, हा प्रश्न प्रार्थनामंडळापुढे आला. ज्या घरात पुरुष नाही, त्या घराची एक किल्ली मंडळातल्या एखाद्या कुटुंबाकडे राहते, अशी तिथली रीत. हेतू चांगलाच, बाई आजारी पडली तर दार फोडायला नको. चाळिशी उलटलेल्या बिनलग्नाच्या बाईला एकटीला काय काय होऊ शकतं, याची मंडळाला फार काळजी. तिला स्वतःला मात्र दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून घरी आल्यावर चपला भिरकावून आडवं होण्यापलीकडे काही सुचत नसे.

किल्ली गेली खजिनदारकाका-काकूंच्या घरी. काका वाईट नव्हते, तीच तर पंचाईत. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. ती दुकानात असताना काका येऊन गळका नळ नीट करून जात, खिडक्या लावून जात. एकदा ती अंघोळ करून बाहेर येते, तो काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले.

"चालू दे गं तुझं," ते मान वर न करता म्हणाले.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन नाही. जिन्यात पाऊल वाजलं की हातातला घास ताटात ठेवून ती दाराकडे बघत बसायची. घरातसुद्धा ती बाहेर जायच्या कपड्यांत बसू लागली.

बहिणीला फोन केला, तर तिनेच कान उपटले. "कुणी विचारपूस करतंय हे काय कमी आहे? बाबांना दवाखान्यात उचलून कोणी नेलं होतं?"

ते खरंच होतं. मंडळाशिवाय तिला होतं तरी कोण? किल्ली परत मागितली असती, तर सगळ्यांच्या उपकारांवर पाणी फिरवल्यासारखं झालं असतं. म्हणून तिने तोंड उघडलंच नाही. दाराला नुसतं लॅच होतं. सुताराला बोलावून तिने आतून कडी बसवून घेतली.

"एवढी जाड कशाला ताई? घरात सोनंबिनं आहे का?" सुतार म्हणाला.

"नाही हो. मीच आहे."

रविवारी संध्याकाळी लॅचमध्ये किल्ली फिरली. दार जागचं हललं नाही. किल्ली पुन्हा फिरली.

"काय गं, बरी आहेस ना?" काकांचा आवाज. "आतून कडी का लावलीस?"

"मी घरात आहे, काका."

"अगं, म्हणूनच तर आलो." काकांनी किल्ली काढून घेतली. "बरं. मंडळात बोलावं लागेल मग."

काकांची पावलं जिना उतरली. पण दाराबाहेर बांगड्या वाजल्या; कुणीतरी अजून उभं होतं.

"मी आहे गं," काकू हळूच म्हणाल्या. "गेले ते. तुझा सुतार कोण, सांगशील? आमच्याकडे निदान एका खोलीला तरी अशी कडी हवीय मला."

तिचा हात कडीवर गेला. मग थांबला. काका खरंच गेलेत, की जिन्याच्या वळणावर उभे आहेत? काकूंना त्यांनीच तर बोलायला लावलं नसेल?

"उद्या दुकानात या, काकू. सांगते," ती आतूनच म्हणाली.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि एकट्याच खाली उतरत गेल्या. त्यांच्या पावलांशिवाय जिन्यात दुसरा आवाज नव्हता. ती दारामागे उभी राहून ऐकत होती, आणि तिला स्वतःचीच फार लाज वाटली.