होता सरांचा राग

गदाधर होता यांच्याविषयी मराठीत लिहायचं म्हणजे पंचाईत. आडनावातच भूतकाळ. ओडिशात मात्र होता म्हणजे यज्ञात ऋचा म्हणणारा ऋत्विज, आणि पुरीत या आडनावाचं कुणाला हसू येत नाही. माणूस चांगला हयात आहे. दोळमंडप साहीतल्या (साही म्हणजे तिकडची आळी) घरात दुपारी पाण्यातला पखाळभात जेवतो आणि ओट्यावर बसून पान लावतो.

शाळेत संस्कृत शिकवणारे शिक्षक घडवणं हे त्यांचं काम होतं. पदवीचं नाव शिक्षाशास्त्री. तिकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. पण सरांच्या हाताखालून गेलेल्यांना मराठी अर्थही सहज पटला असता. सरांचा नियम एकच: संस्कृतच्या तासाला संस्कृतच बोलायचं. ओडिया शब्द निसटला की पाच गुण कमी. आम्हा शिकाऊ शिक्षकांचा सराव पाठ चालू असताना ते मागच्या बाकावर बसत आणि शब्द निसटला की सायकलची किल्ली बाकावर वाजवत. टक्.

ओडियात मोठ्यांना होकार देताना ‘आज्ञा’ म्हणतात. पहिल्याच दिवशी आमच्यातला बनमाळी तसं म्हणाला.

“आज्ञा म्हणजे हुकूम,” सर म्हणाले. “तू मला हुकूम सोडतोस? संस्कृतात ‘हो’ला ‘आम्’ म्हणतात. कळलं?”

“आज्ञा, सर,” बनमाळी घाबरून म्हणाला.

टक्.

“ओळखीच्या शब्दांपासून सावध राहा,” ते बजावत. “चेहरा घरचा असतो, अर्थ परक्या गावचा.”

घरीही त्यांनी हा नियम लावून पाहिला. एकदा जेवताना त्यांनी पत्नीकडे, कुंतळाबाईंकडे, ‘जलम्’ मागितलं.

“अहो, मला संस्कृतात ऐकू येत नाही,” त्या चुलीपासूनच म्हणाल्या. “तहान लागली असेल तर माणसासारखं मागा.”

तिथे किल्ली वाजवायची सोय नव्हती. घरच्या साऱ्या किल्ल्या कुंतळाबाईंच्या पदराला बांधलेल्या असत.

एवढ्या वर्षांत सरांनी किल्ली न वाजवता एकही पाठ ऐकला नव्हता. निवृत्त होण्याआधी एक तरी पाठ, नमस्कारापासून घंटेपर्यंत, निव्वळ संस्कृतात ऐकायचा, एवढी एकच इच्छा उरली होती. आमची तुकडी शेवटची, आणि त्यांची सगळी आशा सौदामिनी सेठीवर. सेठी म्हणजे तिकडचे परीट; तिच्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान. तिच्या तोंडून वाक्यंही घडी न मोडता बाहेर येत. होतांच्या घरातल्या मुलांना जमलं नाही ते सेठींच्या मुलीला जमतंय, असं साहीत कुजबुजत. सर तेवढ्यापुरते बहिरे होत.

परीक्षेच्या पाठाआधी ती हळूच म्हणाली, “सर, मुलींना कळलंच नाही तर?”

“कळेल. तू फक्त ओडिया बोलू नकोस.”

कन्याशाळेतला नववीचा वर्ग. मागे होता सर, शेजारी कटकहून आलेले परीक्षक षडंगी. सौदामिनीने फळ्यावर गवळी काढला, गाई काढल्या, आणि वाक्य लिहिलं: गोपालकस्य गोषु महान् रागः। गवळ्याचा गाईंवर फार जीव. संस्कृतात राग म्हणजे प्रेम. ओडियात मात्र, मराठीसारखाच, राग म्हणजे राग.

“किमर्थम्?” तिने विचारलं. का बरं?

दोन वेण्यांची एक मुलगी उठली. “गावः दुग्धं न ददति।” गाई दूध देत नाहीत.

भले भले इथे ‘ददन्ति’ म्हणून आपटतात. पोरीने ‘ददति’ म्हटलं आणि सौदामिनीचा चेहरा उजळला. “साधु! साधु!” षडंगींनी मान डोलावली. सरांची किल्ली मांडीवर गप्प होती.

दुसरी उठली. “गोपालकः धेनूः दण्डेन ताडयति।” गवळी गाईंना काठीने मारतो.

“साधु!” सौदामिनी सवयीने म्हणाली, आणि मग थबकली. पण वर्गाला आता रंग चढला होता. तिसरीने तर पट्टी उगारून दाखवली. व्याकरणात एकही चूक न होता गाईंवर काठ्या पडत होत्या.

सौदामिनीच्या हातातला खडू थांबला. शब्द सुचेना. तिने मागे सरांकडे पाहिलं. घंटा व्हायला थोडाच वेळ उरला होता. सर गप्प बसले असते तर त्यांचा पाठ पुरा झाला असता.

सर उभे राहिले.

“अगं पोरींनो, मारताय काय त्या गाईंना! जीव लावतो तो त्यांना, जीव! उठसूट काठी कसली काढता?”

अस्सल पुरीच्या ओडियात. सरांनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं, खाली बसले आणि ती बाकावर वाजवली. टक्.

“म्हणजे तो मारत नाही?” दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं.

“नाही गं बये.”

“मग सरळ सांगायचं ना. राग कशाला म्हणायचं?”

वर्ग हसला, आणि त्या हसण्यात सौदामिनीला हवा तो शब्द सापडला. “रागः नाम स्नेहः,” ती म्हणाली, फळ्यावरच्या गाईच्या पाठीवरून हात फिरवला, आणि घंटेपर्यंत पाठ संस्कृतातच नेला. गवळ्याने गाईंना चारा घातला, पाणी पाजलं. काठी पुन्हा कुणी काढली नाही.

बाहेर व्हरांड्यात षडंगी पेन उघडून उभे राहिले. “होता बाबू, नियम तुमचा. वर्गात ओडिया बोललं गेलं. पाच गुण कापू?”

“कापा.”

“कुणाचे?”

“जो बोलला त्याचे.”

“त्याचं नाव परीक्षार्थींत नाही.”

“मग राहू द्या,” सर म्हणाले. “तिचे मात्र पूर्ण द्या.”

षडंगी हसत निघून गेले. सौदामिनी मान खाली घालून उभी होती. ओढणीला खडू लागला होता.

“सर, एकच पाठ हवा होता तुम्हाला. माझ्यामुळे...” तिने ओढणीवरचा खडू झटकला. “फार राग आला ना?”

सरांनी पानाची डबी उघडली, पान गालात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

“आम्,” ते म्हणाले. आणि मग ओडियात, “संस्कृतातला.”