दोन्ही पट्टे सारखे

मी काय काम करते हे आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. "बेळगावात असती, काम्प्युटरवर चित्रं काढती," असं ती शेजारणींना सांगते. मग शेजारणी विचारतात, लग्नपत्रिकांची काय? आधी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता वाटतं, आईचं फारसं चुकत नाही. आमच्या प्रयोगशाळेत माणसांच्या, उसाच्या, कधी म्हशींच्या जनुकांची माहिती येते. ती सगळी चार अक्षरांत लिहिलेली असते आणि एकाच जिवाची अक्षरं वाचायला बसलं तरी जन्म पुरायचा नाही. तिचे पट्टे, ठिपके आणि रंग करून ती डोळ्यांना दिसेल अशी मांडायची, एवढंच माझं काम. माझं चित्र बघून संशोधक एकमेकांशी भांडायला लागले की ते जमलं असं मी धरते.

एक चित्र मात्र मी घरच्यांसाठी काढलं.

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, मामाच्या घरी कोगनोळीला दिली. आमच्या निपाणीकडं यात कुणाला नवल वाटत नाही. बहिणीला मुलगी आहे आणि भावाला मुलगा आहे म्हटल्यावर गावोगाव फिरायचं कशाला? "आपल्यातलं हाय," एवढ्या एका शब्दावर स्थळ पसंत होतं. सासू म्हणजे मामीच, आणि भांडण झालंच तर घरातल्या घरात मिटणार. ज्याला मी लहानपणापासून दादा म्हणत होते त्याला, अक्षता पडल्या त्या दिवसापासून, दाजी म्हणायला लागले. बाकी काही बदललं नाही.

पहिली मुलगी झाली, ती मान धरेना. मग तिला दूध गिळता येईना, मग श्वास घेता येईना, आणि ती गेली. तिच्या मागून मुलगा झाला आणि त्याचंही तसंच सुरू झालं. तेव्हा डॉक्टरांनी बाळाचं, आक्काचं आणि दाजींचं रक्त तपासणीला पाठवलं. स्नायूंचा आजार आहे असं उत्तर आलं, पण ते येण्याआधीच बाळ गेलं होतं.

त्यानंतर मामी बोलायला लागली. "आमच्यात असलं कधी न्हवतं. हे निपाणीकडनं आलंय." निपाणीकडनं म्हणजे माझ्या वडिलांच्या घराण्यातून, म्हणजे आक्काबरोबर आलं. दाजी मान खाली घालून बसायचे. आक्काला आणखी एक मूल हवं होतं, पण त्या घरात तिला आता ते तोंडातून काढायची सोय राहिली नव्हती. ती ऐकून घ्यायची. माझ्या स्वभावात ऐकून घेणं नाही. चित्र काढून मामीच्या पुढ्यात ठेवते, असं मी ठरवलं.

आक्काच्या आणि दाजींच्या सह्या घेऊन तपासणीची मूळ फाईल मागवली. बाळाच्या प्रत्येक गुणसूत्राचे दोन पट्टे शेजारी शेजारी काढले, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. आईचा पिवळा, बापाचा निळा. जिथं दोन्ही पट्टे अक्षरन् अक्षर सारखे, तिथं तिसरा रंग. प्रयोगशाळेत अशा ठिकाणी लाल घालतात. पण लाल म्हटलं की मामीला कुंकू दिसणार, म्हणून मी जांभळा घातला. सवयीनं चित्राच्या डोक्यावर नमुना क्रमांक पडला होता. तो पुसून मी 'बाळ' असं लिहिलं. बारशातलं नाव लिहायला हात धजावला नाही. जांभळे तुकडे बरेच निघाले, चांगले लांबच्या लांब, आणि त्यातल्याच एकात ती बिघडलेली जागा होती. टेबलावर डोकं ठेवून मी खूप रडले.

रविवारी आईला घेऊन कोगनोळीला गेले. पुढच्या सोप्यात चित्र पसरलं. मामा, मामी, दाजी भोवतीनं बसले, आक्का उंबऱ्याजवळ. पिवळा कुणाचा, निळा कुणाचा ते मी सांगितलं.

"आणि ह्यो जांभळा?" मामीनं विचारलं.

"दोन्हीकडनं एकसारखं आलंय ते. ह्याच घरातनं आलंय मामी. आजीकडनं न्हायतर आजोबांकडनं. तेच मामांच्यात उतरलं, तेच आईत. मामांचं दाजींना गेलं, आईचं आक्काला. एकेकटं असताना काही करत नाही, दोन एका जागी आली की बाळ आजारी पडतं."

मामांनी एका जांभळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे आपल्यातलंच हाय की हे."

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, मनातून बरंही वाटलं. निपाणीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

मामी मात्र विचार करत होती. "मग ह्यानं बाहेरची बायको केली असती तर पोरं चांगली झाली असती, व्हय?"

"बहुतेक," मी म्हणाले. आमच्या कामात याहून ठाम कुणी बोलत नाही. लगेच घाईघाईनं पुढचं सांगायला लागले, की प्रत्येक खेपेला धोका चारात एक एवढाच असतो, पोटात असतानाच तपासता येतं, तिसरं चांगलं होऊ शकतं.

"मला परत न्हाय बघवायचं," दाजी म्हणाले. दोन्ही वेळा खड्डा त्यांनीच काढला होता. मला त्यांचा राग करता आला नाही, आजही येत नाही.

"बाहेरची म्हंजे चांगली," मामी स्वतःशीच म्हणाली. 'बहुतेक' हा माझा शब्द तिनं केव्हाच गाळून टाकला होता.

तेव्हा आक्का पहिल्यांदा बोलली. "आणि मी बाहेरचा नवरा केला तर गं? माझी बी चांगलीच व्हतील न्हवं?"

सगळ्यांनी तिच्याकडं अशी नजर टाकली, की जणू ती काही अभद्रच बोलली. आई म्हणाली, "गप गं."

"व्हय आक्का," मी म्हणाले, "दोन्ही पट्टे सारखेच हायत." पण तोवर मामी चहा ठेवायला आत गेली होती आणि मामा चित्राची गुंडाळी करत होते.

आरडाओरडा न होता, सामोपचारानं काडीमोड झाला. मामा आणि आई, भाऊबहिणीनं मिटवलं. दाजींनी गडहिंग्लजकडची मुलगी केली. त्यांची पोरगी आता सोप्यात धावते. आई जाऊन बघून आली, भावाची नात म्हटल्यावर तिला जाणं भागच होतं. पोरगी गोड आहे म्हणाली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली.

आक्कालाही स्थळं येतात. ती दोन-दोन मुलांच्या बापांची असतात आणि आणखी मूल नको, एवढीच त्यांची अट असते. घर चांगलं आहे, माणूस सरळ आहे, असं आई समजावत राहते. आक्का नाही म्हणते. आई माझ्याकडं बघते, तूच सांग तिला काहीतरी. मी काय सांगू? तिला मूल हवं आहे, आणि ते चांगलं होईल असं तिला मीच दाखवलं आहे.