अण्णांच्या पिकअपचं डावं दार

दसऱ्याच्या सुट्टीत लोक कोकणात जातात. मी जाफराबादहून जालन्याला गेले, साठेक किलोमीटर, तेही बावीस वर्षं जुन्या पिकअपने.

पिकअप अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हापासून ती गोठ्याशेजारी उभी होती. दादाचं म्हणणं, भंगारात देऊन टाकू. मी पुण्याहून येऊन म्हटलं, नीट करून ठेवू. जुन्या गाड्या चकाचक करण्याचे व्हिडिओ रोज पाहणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास फार दांडगा असतो. शेवटी ठरलं ते असं: दसऱ्याला गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली आणि आई तिच्यातून शेतात गेली, तर ठेवायची. नाहीतर भंगार. अण्णा गेल्यापासून आई त्या गाडीत बसली नव्हती.

नवी बॅटरी टाकून सकाळी सातला निघाले. या दिवसांत जाणार असाल तर टेंभुर्णीच्या पुढे सावकाश चालवा, कारण अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि उरलेल्या अर्ध्यात खड्डे. राजूरला रेडिएटर उकळला. हॉटेलवाल्याने बादलीभर पाणी दिलं, पोहे दिले आणि कुठं चाललात म्हणून विचारलं. जालन्याला, म्हटलं.

"बराबर केलं," तो हळहळत म्हणाला. "लोखंडाला भाव चांगला हाये सध्या."

जालन्यात जुनं लोखंड वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या आहेत, त्यामुळे म्हातारी गाडी तिकडे चालली की लोक एकच अर्थ काढतात. शहरात शिरेपर्यंत आणखी दोघांनी सांत्वन केलं. एक भंगारवाला तर मोटारसायकलवरून गॅरेजपर्यंत सोबतीला आला.

गॅरेज रफिकभाईंचं. अण्णांची गाडी त्यांच्याशिवाय कुणी उघडलेली नाही. मी त्यांना कामांची यादी दिली आणि डावं दार सगळ्यात वर लिहिलं. त्या दाराचा इतिहास असा: ते आतून उघडत नाही. त्यामुळे बाजार असो की लग्न, अण्णा गाडी थांबवायचे, उतरायचे, पुढून वळसा घालून यायचे आणि बाहेरून दार उघडायचे. मग आई उतरायची. लोक त्यांना बायकोचा ड्रायव्हर म्हणून चिडवायचे, आणि ते दर वेळी सांगायचे की लॉक जाम आहे. इतकी वर्षं आई त्या दाराआड अडकली, निदान आता तरी तिची सुटका व्हावी, असं मला मनापासून वाटत होतं.

रफिकभाईंनी यादी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि घडी घालून खिशात ठेवली. "पह्यले ब्रेक पाहू ताई. दाराचं मंग पाहता येईल."

दोन दिवस लागले. रेडिएटर, ब्रेक, क्लच झाला. रंगाला मात्र त्यांनी साफ नकार दिला, रंगाने गाडी पळत न्हाई म्हणाले. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये गरम पाणी सकाळी सहापर्यंतच येतं, हे लक्षात ठेवा. शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी कुठेही खा, रुमाल सोबत असू द्या. निघताना मी दाराचं विचारलं. तेल दिलंय, बिलकुल बराबर हाये, एवढंच ते बोलले.

परतीला राजूरच्या हॉटेलसमोर मी मुद्दाम हॉर्न वाजवला. मालक गल्ला सोडून बाहेर आला.

दसऱ्याला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. दादा मोटारसायकलवर बसून शांतपणे निकालाची वाट पाहत होता. आई बाहेर आली, बॉनेटला कुंकू लावलं, आणि डाव्या बाजूने चढून बसली. मला रडू आलं. मग मी पहिला गिअर टाकला.

शेतात पोचल्यावर फोटो काढायला मी उडी मारून उतरले. मागून दादाही येऊन थांबला. आई काही उतरेना.

"आई, आता आतून उघडतं गं ते. दांडी ओढ फक्त."

आई समोर कपाशीकडे पाहत होती. "ठाऊक हाये मला," ती म्हणाली. "पह्यलेबी उघडतच होतं."

मी मोबाइल खिशात टाकेपर्यंत दादा पुढून वळसा घालून दारापाशी पोचला होता.

आता मी पुण्यात आहे. गाडी गोठ्याशेजारीच असते, रंग उडालेलाच आहे. आठवडी बाजारात आईला दादाच घेऊन जातो. लोक त्यालाही चिडवतात म्हणे, आणि तो सांगतो की लॉक जाम आहे.